नाही म्हणायचं काम

३ फेब्रुवारी, सोमवार

सगळ्यांत आधी आली ती इस्त्रीवाली, आणि तीही आमच्याकडे यायचं म्हणून नव्हे, तर समोरच्या घरात काय चाललंय ते आमच्या पायरीवरून चांगलं दिसतं म्हणून. "मावशी, दोघं आलीत," ती म्हणाली, "एक पोर आणि एक साहेब. हातात पाटीएवढा फोन आहे. घरात कोण काय करतं ते विचारतात." मी म्हटलं, वीजवाले असतील. ती म्हणाली, वीजवाले कधी पाणी मागून पितात का, हे पितात. मग मी उठून दोन खुर्च्या पुसल्या. कारखाना बंद झाल्यापासून आमच्याकडे कोणी येऊन बसत नाही. लोक दारावरूनच विचारतात, कसं चाललंय, आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे जातात.

ही वही नातीने दिलीय. म्हणाली, "आजी, दिवसभर बोलतेस ते यात लिही, म्हणजे मला अभ्यास करता येईल." मी चौथीपर्यंत शिकले. जोडाक्षर आलं की अजून ठेच लागते. तर असो.

साहेब लगेच बसले. पोर काही बसेना, तिला मी हाताला धरून बसवलं. तिच्या चपलेचा अंगठा पिनेने जोडलेला होता. मी म्हटलं, मोची कोपऱ्यावरच आहे. ती म्हणाली, "आधी घरं संपू देत, आजी."

मग तिचे प्रश्न. घरात किती माणसं? चार. मी, मुलगा, सून, नात. सून काय करते? औषधांच्या दुकानात उभी असते, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. आणि तुम्ही? मी म्हटलं, "मी कसली काय करतेय, घरीच असते. शर्टांना बटणं लावते."

"कोणाच्या शर्टांना?"

"शिंप्याच्या. गठ्ठा येतो, लावून परत जातो. चार पैसे देतो तो."

"आजी, हे काम आहे. तुम्ही कामाला आहात."

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. आता मी परकर नेसायचे तेव्हापासून पाणी भरतेय. माणसं जेवू घातली, दुखणी काढली. पण आमचे हे होते तोवर कोणी विचारलं की सांगायचे, ती काही करत नाही, घरीच असते. आणि आज एका परक्या पोरीने बोटाने टक करून मला कामाला लावलं. मला इतकं बरं वाटलं की मी चहा ठेवला.

चहा होईपर्यंत तिने आत नजर टाकली. आत खाटेवर माझा मुलगा भिंतीकडे तोंड करून. भर दिवसा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोळा वर्षं तो बटणांच्या कारखान्यात होता, बटणाला भोकं पाडायच्या यंत्रावर. आता कारखाना बंद, बटणं कुठून तरी दुसरीकडून येतात, आणि ती मी शर्टांना लावते. भोकं सरळ नसतात. तो एखादं बटण उजेडात धरतो आणि परत आडवा होतो. उठून बसतो ते फक्त त्याचा मित्र उंच्या येतो तेव्हा. लिफ्ट दुरुस्ती शिकवायची एक सरकारी शाळा निघणार आहे, वर्षभर शिकायचा पगार देणार आणि मग पक्कं काम. ती आमच्या बंद कारखान्याच्या शेडमध्ये निघणार की नदीपलीकडे, एवढाच काय तो प्रश्न उरलाय. त्या शाळेचं नाव निघालं की माझ्या मुलाच्या चेहऱ्यावर थोडं रक्त येतं.

पोरीने विचारलं, "हे काय करतात?"

तो उठून म्हणाला, "मी काही करत नाही."

परक्यांच्या देखत. मी पटकन म्हटलं, "करतो की. दोरे कोण कापतं? गठ्ठा कोण पोचवतो?" दोरे त्याने एकदा कापले होते, ते खरंय. गठ्ठाही एकदा.

"मागच्या आठवड्यात तासभर तरी मदत केली असेल?"

"तासभर काय, रोज."

टक.

मुलाने माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं. लहानपणापासून चारचौघांत आईला खोटं पाडायचं नाही हे मीच शिकवलंय.

जाताना साहेब म्हणाले की आमचं घर चिठ्ठीत निघालंय. मी म्हटलं, बक्षीस काय? ते हसले. "बक्षीस नाही, पण तुमच्या एका घरामागे हजारो घरं उभी आहेत, आजी. तुम्ही सांगाल ते त्या सगळ्यांचं धरायचं." मी बाहेर डोकावून पाहिलं. मागे फक्त इस्त्रीवाली उभी होती. तीन महिन्यांनी परत येणार म्हणालेत. पोर गोड आहे. पुढच्या वेळी चपलेचं बघेन.

५ फेब्रुवारी

आमच्या गल्लीत कोणीही रिकामं नाही. आज पायरीवर बसून सगळ्यांचं ऐकलं. इस्त्रीवालीचा नवरासुद्धा कारखान्यातलाच, दिवसभर झोपतो. पण तिने सांगितलं, कपड्यांची बोचकी तोच पोचवतो. टक. दूधवालीने सांगितलं, माझा दीर म्हशींना हाक मारतो. म्हशी ऐकत नाहीत ते तिने सांगितलं नाही. टक. कोणती बाई परक्या माणसाला सांगेल की आमचा बाप्या लोळतो? फक्त कारखान्याच्या वॉचमनला काही रचून सांगावं लागलं नाही. तो आत काही चालू नाही ना, यावर आठ तास लक्ष ठेवतो, पगारावर.

मुलगा परवापासून माझ्याशी बोललेला नाही. दोरेही कापत नाही.

२४ मार्च, सोमवार

आज मी पेढे वाटायच्या बेतात होते. टीव्हीवर बाईने सांगितलं, नदीच्या अलीकडच्या भागात बेकारी घटली. घटली म्हणजे अशी तशी नाही, नकाशात आमचा भाग हिरवा केला आणि पलीकडचा लाल. एक साहेब म्हणाला, हा आमच्या धोरणाचा विजय. मी नातीला म्हटलं, धोरण कसलं, ती बटणं माझी. तिने विचारलं, आजी, खरंच तू नकाशात आहेस? मी म्हटलं, मी आणि माझ्यामागची हजारो घरं.

मी दाराशी उभी राहून तिघींना सांगितलं. दूधवाली म्हणाली, माझ्या दिराचाही वाटा आहे. तिला म्हटलं, आहे बाई, म्हशींचाही आहे.

मुलगा बातम्या संपायच्या आत बाहेर गेला. दिवे लागल्यावर आला, सोबत उंच्या. उंच्या दारातच म्हणाला, "आजी, पेढे वाटायचे तर पलीकडे जाऊन वाटा. लिफ्टची शाळा तिकडे चालली."

"का? शेड तर आपल्याकडे रिकामी आहे."

"जिकडे बेकारी जास्त तिकडे शाळा. आपल्याकडे बेकार आहेतच कुठे? सगळे दोरे कापतात, बोचकी पोचवतात."

मुलगा आत जाऊन खाटेवर आडवा झाला. रागावला असता तर बरं झालं असतं. मी हातातला शर्ट घेऊन बसले. सून घरी आली, तिने ऐकलं, बॅग खाली ठेवली आणि म्हणाली, "आई, त्याला निदान बेकार तरी राहू द्यायचं होतं." आणि मग आम्ही दोघी हसलो, हसायची वेळ नव्हती तरी. तिचं हसू लगेच संपलं. म्हणाली, ती शाळा मिळाली असती तर मी रात्रीची पाळी सोडणार होते. रात्रीची पाळीही करते हे मला माहीत होतं, पण ती कधी सुटू शकते हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

२६ मार्च, बुधवार

इस्त्रीवालीला घेऊन मोजणीच्या ऑफिसात गेले. जिने फार, आणि लिफ्ट बंद. मी शिपायाला म्हटलं, हे बघा, ती शाळा कुठेही काढा पण काढा.

साहेब मला विसरले नव्हते. मी सरळ सांगितलं, "माझा मुलगा बेकार आहे. लिहून घ्या."

ते म्हणाले, "मागचं बदलता येत नाही, आजी. पण शाळेचं अजून पक्कं नाही. मे महिन्यात पुन्हा मोजणार, दोन्ही मिळून ठरवणार."

"मग मेमध्ये सांगते. एक दोरा कापणार नाही तो."

"ते झालं. पण काम शोधतो का?"

"कसला शोधतो. वर्षभर शोधलं, चपला झिजवल्या, मग आडवा झाला."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग तो बेकार नाही."

मला वाटलं, काम मिळालं की काय. त्यांनी समजावलं, हाताची बोटं मोडून, फार प्रेमाने. आठवड्यात तासभर काम केलं तर माणूस कामाला. काम नाही पण शोधतोय, तर बेकार. काम नाही आणि शोधतही नाही, तर दोन्हीकडे नाही.

"मग तो आहे कुठे?"

"गणतीबाहेर. तुमची नात आहे ना शाळेतली, तिच्या रांगेत."

इस्त्रीवाली म्हणाली, "म्हणजे थकून बसला की आजार बरा?" तिचं तोंड असंच आहे. साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "पूर्वी आम्ही सबंध वर्षाचं विचारायचो, आता आठवड्याचं विचारतो. त्यामुळे आकडे मागच्यांशी नीट जुळत नाहीत."

मला आमची चौकट आठवली. दाराच्या चौकटीवर नातीची उंची दर वर्षी पेन्सिलीने मांडतो. मागे जुनी फरशी उखडून नवी बसवली, जमीन चार बोटं खाली गेली, आणि त्या वर्षी पोर बुटकी झाली. तिने रडून घर डोक्यावर घेतलं. मी साहेबांना सांगितलं. त्यांनी आधी ठसका लागेपर्यंत हसून घेतलं, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बोलावून मला परत सांगायला लावलं, आणि मग विचारलं, "जुन्या खुणा पुसल्या का?"

"नाही, तशाच आहेत."

"आम्हीही पुसत नाही. फरशी बदलली असं खाली बारीक अक्षरात लिहितो."

भला माणूस. येताना जिने उतरणं सोपं गेलं.

१ एप्रिल, मंगळवार

आजपासून माझा मुलगा बेकार होणार. मी त्याला सकाळी उठवलं आणि म्हटलं, जा, काम शोध. तो म्हणाला, "मिळणार नाही, आई." मी म्हटलं, "मिळवायचंय कोणाला, शोधायचंय." तो उठून बसला. मग दाढी केली. किती महिन्यांनी वस्तऱ्याला पाणी लागलं देव जाणे. शर्ट मी दिला, बटणं मोजून लावलेला.

इस्त्रीवालीने गल्लीभर सांगितलं असणार, कारण आठ वाजेपर्यंत गल्लीत एक बाप्या उरला नाही. सगळे कामाच्या शोधात. दूधवालीचा दीर सगळ्यांत पुढे. त्याच्या म्हशी हंबरत होत्या. पहिल्यांदाच त्यांना त्याची आठवण आलेली दिसली.

शिंप्याचा गठ्ठा मीच डोक्यावर नेला. खांदा दुखतोय. पण मुलाला हात लावू दिला नाही.

१० एप्रिल, गुरुवार

काय सांगू, कुठून सांगू. हे सगळे रोज सकाळी बाजारात जातात आणि एकेका दुकानात विचारतात, काम आहे का. दुकानदार वैतागलेत. पहिलं दुकान बिजागरीवाल्याचं, खिळे, कड्या, बिजागऱ्या विकतो, म्हणून सगळे आधी त्याच्याकडे. त्याने फळ्यावर "काम नाही" लिहून लावलं. तर हे म्हणाले, फळ्याने नाही म्हटलं ते शोधणं धरत नाहीत, माणसाने म्हटलं पाहिजे. आज माझा मुलगा पहिला पोचला. बिजागरीवाला म्हणाला, "अरे, मी खिळे विकू की तुम्हाला नाही म्हणू? सकाळचे दोन तास माझे यातच जातात. मला एक माणूस द्या, दाराशी बसून यांना नाही म्हणणारा."

मुलगा म्हणाला, "मी बसतो."

आणि बसला. पगार थोडा, पण पगार. घरी आला तेव्हा हसत होता. नातीला करून दाखवत होता, कोण कसं विचारतं आणि तो कसं नाही म्हणतो. मी म्हटलं, जोरात म्हणतोस का? तो म्हणाला, "नाही गं. आधी बसवतो, पाणी देतो, आधी कुठे होता ते विचारतो. मग म्हणतो." एक जण रंगाच्या गोदामात वीस वर्षं होता, त्याला नाही ऐकून घेतल्यावरही उठवेना. बिजागरीवाला आतून ओरडला, "लवकर नाही म्हण."

सून ऐकता ऐकता ताटावरच झोपली.

२८ एप्रिल, सोमवार

माझ्या मुलाचं डोकं चालायला लागलंय. उंच्याला नाही म्हणताना त्याचा आवाज फुटेना. ज्याच्या शेजारी सोळा वर्षं डबा उघडला, त्याला दाराशी बसून रोज नाही म्हणायचं म्हणजे जिवावरच येणार. तर त्याने बिजागरीवाल्याला म्हटलं, पगार तेवढाच ठेवा, पण एकेक दिवस एकेकाला बसू द्या. बिजागरीवाल्याला काय, नाही कोणीही म्हणो. आता सोमवारी माझा मुलगा, मंगळवारी उंच्या, मग इस्त्रीवालीचा नवरा, असे शनिवारपर्यंत सहा जण. एका खुर्चीवर सहा बाप्ये कामाला लागले. उरलेले दिवस प्रत्येक जण आपल्याच माणसाकडे जाऊन काम आहे का विचारतो, आणि तो पाणी देऊन नाही म्हणतो.

मला इतका आनंद झाला की मी इस्त्रीवालीला बोलावून सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, आणि मोजणीवाले आले की?" मी म्हटलं, येऊ देत की, किती दिवसांनी गल्लीत बरं चाललंय. ती काही बोलली नाही. तिच्या गप्प बसण्याची मला सवय नाही, म्हणून बसून विचार केला. आठवड्यात दोन तास. तासभर म्हणजे कामाला. सहाही जण.

हातातली सुई बोटात गेली.

३ मे, शनिवार

आज ती पोर येऊन गेली, एकटीच, कधी येणार ते सांगायला. चप्पल तीच, पिन नवी. ती आली तेव्हा आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, कारण सहाही जण जमले होते. तिला बघून सगळे असे उठले की जणू वर्गात बाई आल्या.

ती येण्याआधी भांडण चाललं होतं. उंच्या म्हणत होता, सांगायचंच नाही, आठवडाभर नुसते हिंडलो म्हणू. इस्त्रीवालीचा नवरा म्हणाला, दोन तासांना का कोणी काम म्हणतं. मुलगा म्हणाला, "तासालाही म्हणतात." उंच्या म्हणाला, "तुला शाळा नकोय का?"

मुलगा म्हणाला, "तुझ्यापेक्षा जास्त हवीय. पण एवढी माणसं माझ्याकडे विचारायला येतात, त्यांना मी खरं सांगतो. ती पोर मला विचारायला येईल, तिलाही खरंच सांगणार. दोन तास काम केलं, बाकी आठवडाभर शोधलं, आणि जे काम मिळालं ते म्हणजे लोकांना 'काम नाही' असं सांगायचं. हे सगळं. तिला काय लिहायचं ते लिहू दे."

"ती नुसतं टक करेल," उंच्या म्हणाला.

"करू दे. आणि आई, तू मध्ये बोलायचं नाहीस."

मी कबूल केलंय. पण माझ्या जिभेचं मी काही सांगू शकत नाही.

एवढ्यात पोर आली. मी तिला आधी चपलेसकट कोपऱ्यावर मोच्याकडे नेलं, नाही नाही म्हणत होती तरी. मोची टाके घालत होता तोवर ती एका पायावर माझ्या खांद्याला धरून उभी. म्हणाली, "ही शेवटची फेरी, आजी. यानंतर माझी मुदत संपते. पुढच्या मोजणीला नवीन मुली घेतात."

"मग तू काय करणार?"

"बघू. थोडे दिवस झोपेन म्हणते."

मी म्हटलं, "झोपायचं नाही. झोपलीस तर तुला कोणी मोजणार नाही. रोज सकाळी उठून शोधायचं. आमच्या बाजारात खिळ्यांचं दुकान आहे, तिथे जा. तिथे सोमवारी माझा मुलगा असतो. नाही म्हणेल, पण पाणी देऊन म्हणेल."

ती हसली, आणि हसता हसता मोच्याच्या पेटीवर बसलीच. बराच वेळ उठली नाही. मोची झालेल्या चपलेला उगीच आणखी एक टाका घालत बसला.

घरी आल्यावर पाहिलं तर मुलगा चौकटीपाशी नातीला पाठ टेकवून उभी करत होता. फरशीनंतरची खूण आणि आधीची, दोन्ही बाजूबाजूला. त्याने दोन्हींच्या मध्ये बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. मला चष्म्याशिवाय दिसलं नाही आणि त्याने वाचून दाखवलं नाही. सून आत निजलेली होती, रात्रीच्या पाळीआधीची झोप. सगळे हळू बोलत होते.

या वेळी मी तीन खुर्च्या पुसून ठेवल्यात. ती आणि साहेब सोमवारी, पाच तारखेला, दुपारी येणार आहेत.